इंदूरच्या कॉलेजनं हवामानाचं काम सुरू करायचं, तर आधी मीटर वाचायचं

जगभरातले सेंद्रिय शेतीवाले खताबद्दल बोलताना आजही ‘इंदूर पद्धत’ असा शब्द वापरतात. आपल्याच शहरातल्या मुलांना मात्र तो ठाऊक नसतो. १९२४ साली होळकर दरबारानं दिलेल्या जमिनीवर इथे एक कृषी संशोधन संस्था उभी राहिली. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पिकांचा टाकाऊ पाला, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर रचले. ते ठरावीक दिवसांनी उलथले, तर तीनेक महिन्यांत उत्तम खत होतं, हे त्यांनी मोजून-मापून सिद्ध केलं आणि १९३१ मध्ये जगापुढे मांडलं. १९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले, तेव्हा मुद्दाम वेळ काढून हे काम पाहायला गेले. आज त्या आवारात कृषी महाविद्यालय आहे.

हवामानबदलावर कॉलेजांनी काय करावं, असं मला कुणी विचारलं की मी याच आवाराकडे बोट दाखवतो. त्या लोकांनी प्रयोग स्वतःच्या गोठ्यापासून सुरू केला, वही ठेवली, आणि जमलं ते सगळ्यांना वापरायला दिलं. मी पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि शेवटची काही वर्षं कॉलेजच्या पर्यावरण समितीत होतो. पुढे लिहिलेलं त्या कामातून हाती आलं आहे. तुम्ही प्राचार्य असा, प्राध्यापक असा किंवा दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कुठून तरी धागा पकडता येईल.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू

२०१७ पासून स्वच्छतेत इंदूरचं नाव देशात पुढे आहे आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्यामुळे आपल्याकडे ‘पर्यावरण’ म्हटलं की निळा डबा, हिरवा डबा आणि वृक्षारोपण एवढंच डोळ्यांसमोर येतं. हवामानबदलाचं मुख्य कारण कोळसा, डिझेल, पेट्रोल आणि गॅस जाळणं हे आहे. कॉलेजचं आवार आरशासारखं लख्ख असूनही त्याच्या नावावर वर्षाला दोनशे टन कार्बन डायऑक्साइड असू शकतो. म्हणून झाडू बाजूला ठेवून आधी बिलांची फाइल मागवायची.

पहिली पायरी : बारा महिन्यांची बिलं

लेखा विभागातून मागच्या बारा महिन्यांची विजेची बिलं, जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या, कॅन्टीन-वसतिगृहाच्या गॅस सिलिंडरचा हिशोब आणि कॉलेजच्या बसच्या इंधनाची नोंद काढा. वर्ष अपुरं घेऊ नका. एप्रिल-मेचा उन्हाळा आणि डिसेंबरची थंडी यांत खप फार बदलतो.

आता गुणाकार. आपल्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नेमका आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर वर्षी प्रसिद्ध करतं, तो घ्या. एक लिटर डिझेलला सुमारे २.७ किलो, एक लिटर पेट्रोलला २.३ किलो, आणि १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरला सुमारे ५७ किलो.

एक काल्पनिक कॉलेज घेऊ. महिन्याला २०,००० युनिट वीज म्हणजे वर्षाला २,४०,००० युनिट, म्हणजे १६८ टन. महिन्याला १०० लिटर डिझेल, वर्षाचे सव्वातीन टन. महिन्याला दहा सिलिंडर, वर्षाचे सुमारे सात टन. आणि आता जो आकडा कुणीच मोजत नाही तो : एक हजार मुलं-मुली रोज दुचाकीवरून येऊन-जाऊन दहा किलोमीटर करतात, वर्षाचे २०० दिवस. झाले वीस लाख किलोमीटर. लिटरला ५० किलोमीटर धरले तर ४०,००० लिटर पेट्रोल, म्हणजे ९२ टन.

हा कागद सूचनाफलकावर लागतो तेव्हा सगळ्यांचं बोलणं बदलतं. कॅन्टीनमधल्या प्लॅस्टिकच्या चमच्यांवर तासभर वाद घालणारी समिती अचानक विजेबद्दल बोलू लागते. झाडांबद्दलही नीट बोलता येतं. चांगलं वाढलेलं एक झाड वर्षाला ढोबळमानानं वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं धरलं, तर त्या १६८ टनांसाठी ८,४०० मोठी झाडं लागतील. कोणत्या कॉलेजच्या आवारात एवढी जागा आहे? झाडं लावायचीच, पण सावलीसाठी, पाखरांसाठी, जमिनीत पाणी मुरावं म्हणून. विजेच्या हिशोबाची भरपाई म्हणून ती दाखवू नका.

दुसरी पायरी : समितीत कोण बसतं

बहुतेक समित्यांमध्ये प्राचार्य, चार प्राध्यापक आणि दोन गुणवंत विद्यार्थी असतात. ही माणसं चांगली असतात, पण पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठे आहे हे त्यांतल्या एकालाही माहीत नसतं. म्हणून कॉलेजचा वायरमन, लेखापाल, प्रयोगशाळा सहायक, वसतिगृहाच्या मेसचे प्रमुख स्वयंपाकी आणि रात्रीचा चौकीदार यांना समितीत घ्या. बैठक त्यांच्या वेळेला ठेवा आणि त्यांना आधी बोलू द्या. आमच्याकडे वायरमनदादांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की जुन्या इमारतीतल्या एका मजल्याचे सगळे दिवे एकाच स्विचवर आहेत, त्यामुळे एका वर्गासाठी सहा वर्ग उजळतात. ही गोष्ट त्यांना बारा वर्षांपासून माहीत होती. कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरं, काम एका उत्साही माणसावर ठेवू नका. सरकारी कॉलेजात बदल्या होतात आणि माणूस गेला की फाइल कपाटात जाते. जनभागीदारी समितीत किंवा व्यवस्थापन मंडळात रीतसर ठराव करून घ्या : दर वर्षी हिशोब काढायचा, तो जाहीर करायचा, आणि वाचलेल्या वीजबिलातला ठरावीक वाटा पुढच्या कामासाठी वेगळा ठेवायचा. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बचतीचा पैसा कॉलेजच्या सामान्य खात्यात मुरला, तर दुसऱ्या वर्षी पंखे बदलायलाही हात पसरावे लागतात.

तिसरी पायरी : रात्रीचं रीडिंग

याला एक पैसा लागत नाही. रात्री दहाला आणि पहाटे सहाला मुख्य मीटरचं रीडिंग घ्या. उच्चदाबाचं कनेक्शन असेल तर बिलावर छापलेल्या गुणकानं गुणायला विसरू नका. तो गुणक विसरल्यामुळे मुलांचे आकडे हास्यास्पद कमी येतात आणि सगळे खूश होऊन घरी जातात. वर्ग बंद, कार्यालय बंद, तरीही जेवढी वीज गेली ती कुठे गेली हे शोधायचं.

आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा रात्रीचा खप पाहून मला आकड्यावर विश्वास बसेना. दोन मुलं आणि चौकीदारदादा टॉर्च घेऊन फिरले. पाण्याचे कूलर रिकाम्या व्हरांड्यात रात्रभर पाणी गार करत होते. संगणक कक्षातले स्क्रीन काळे होते, पण यंत्रं चालू होती. आणि मागच्या टाकीचा पंप, ज्याचा फ्लोट (टाकी भरली की पंप बंद करणारा तरंगता स्विच) कधीचाच तुटला होता, टाकी भरून वाहत असताना चालूच होता. वनस्पतिशास्त्राच्या बागेमागची जमीन बारा महिने ओली का, याचं उत्तर त्या रात्री मिळालं.

त्यानंतर बिलाचा दुसरा भाग वाचा. मंजूर मागणी, म्हणजे वीज कंपनीशी करारात ठरवलेली क्षमता, गरजेपेक्षा जास्त असेल, तर न वापरलेल्या क्षमतेचेही पैसे जातात. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामी येते त्याचं प्रमाण, घसरला तर दंड लागतो, कपॅसिटर नीट केले की तो थांबतो. यानं कार्बन फारसा कमी होत नाही, पण पैसा मोकळा होतो, आणि तोच पुढच्या पायरीला लागतो.

मग पंखे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास. फरक ४५ वॉटचा. दिवसाला आठ तास, वर्षाला २०० दिवस म्हणजे एका पंख्यामागे ७२ युनिट. पाचशे पंख्यांचे ३६,००० युनिट, म्हणजे पंचवीस टन. सगळे एकदम बदलायची ऐपत नसेल तर ग्रंथालय, अभ्यासिका आणि वसतिगृह इथून सुरुवात करा, कारण तिथे पंखे सर्वांत जास्त तास फिरतात आणि पैसे लवकर वसूल होतात. एसी २४ अंशांवर ठेवा. वरच्या मजल्याच्या गच्चीवर मार्चमध्ये चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा पांढरा हात द्या, मे महिन्यातल्या परीक्षेला बसणारी मुलं दुवा देतील. आपल्या जुन्या वाड्यांतल्या चौकाचं आणि समोरासमोरच्या खिडक्यांचं शहाणपण नव्या इमारतीच्या आराखड्यात उतरवता आलं तर त्याहून चांगलं. काचेच्या दर्शनी भिंतींची हौस मात्र आपल्या उन्हाळ्यात महाग पडते, आणि ती एकदा बांधली की तीस-चाळीस वर्षं वीज खात राहते. नव्या बांधकामाचा नकाशा समितीपुढे आल्याशिवाय मंजूर होऊ नये, एवढा हट्ट जरूर धरा.

चौथी पायरी : छतावरचं ऊन

खप कमी केल्यावरच सौर पॅनेलकडे वळा. उलट क्रमानं गेलात तर उधळपट्टीसाठी मोठा संच विकत घ्याल. आपल्याकडे एक किलोवॉटचा संच वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला साधारण चार युनिट देतो आणि त्याला सुमारे दहा चौरस मीटर बिनसावलीची जागा लागते. शंभर किलोवॉटला हजार चौरस मीटर छत, आणि वर्षाला १,४०,००० युनिट. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, आपल्या अक्षांशाला साजेशा बावीसेक अंशांच्या उतारावर.

ठेकेदाराशी बोलण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः करा. छताच्या मजबुतीचा दाखला स्थापत्य अभियंत्याकडून घ्या. छत गळत असेल तर आधी ते दुरुस्त करा, नंतर पॅनेल काढून दुरुस्ती करणं फार जड जातं. आणि डिसेंबरमध्ये सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता छतावर खडूनं सावल्यांच्या कडा आखा, कारण तेव्हा सावल्या सर्वांत लांब असतात. हे काम बी.एस्सी.च्या मुलांना द्या, त्यांना जन्मभर लक्षात राहतं.

पैसा नसेल तर रेस्को पद्धत आहे : कंपनी स्वतःच्या खर्चानं संच बसवते आणि कॉलेज तयार होणाऱ्या युनिटचे ठरलेले दर देतं. करार लांब मुदतीचा असतो, म्हणून दर, देखभाल आणि मुदतीनंतर मालकी कुणाची, ही तीन कलमं विधी विभागाच्या प्राध्यापकांकडून वाचून घ्या. नेट मीटरिंगची, म्हणजे जास्तीची सौर वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याची, मंजुरी वीज वितरण कंपनीकडून लागते आणि ती मिळायला वेळ जातो, तेव्हा अर्ज लवकर करा. बसवल्यावर पॅनेल धुवायचं काम कुणाचं, हे लिहून ठेवा. मार्च ते जून धुळीचा थर साचतो आणि उत्पादन गुपचूप घसरतं.

पाचवी पायरी : नर्मदेचं पाणी म्हणजे वीज

इंदूरमध्ये हा मुद्दा इतर कुठल्याही शहरापेक्षा जास्त खरा आहे. आपलं पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरून, निमाडातल्या मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं. नर्मदा खाली, आणि आपण माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर. उचल फक्त ४०० मीटर धरली तरी एक हजार लिटर वर आणायला एक युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते, आणि त्यात पंपाची तूट व नळातलं घर्षण धरलेलंच नाही. हे गणित मी अकरावीच्या मुलांनाही फळ्यावर सोडवायला देत असे. महानगरपालिकेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे सर्वसामान्यांसाठी खुले केले, ते जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठीच. वीजबिलाचा हा भार किती मोठा आहे ते त्यावरून समजावं.

म्हणजे कॉलेजची दहा हजार लिटरची टाकी रात्री भरून वाहिली, तर दहापेक्षा जास्त युनिट वीज गटारात गेली, आणि ती कॉलेजच्या बिलात कुठेच दिसत नाही. प्रत्येक इमारतीच्या नळजोडणीवर साधा पाणीमीटर बसवा, टाक्यांना फ्लोट बसवा, गळके फ्लश आठवड्यात एकदा तपासा.

पावसाचं पाणी साठवताना माळव्याची काळी माती ध्यानात ठेवा. ती भिजली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. नुसता खड्डा खणून त्यात पन्हाळ सोडलीत तर डास तेवढे होतील. काळ्या थराच्या खाली मुरमापर्यंत जायला हवं, वर वाळू-गिट्टीची गाळणी हवी, आणि पहिल्या एक-दोन सरींचं घाण पाणी बाहेर सोडायची सोय हवी. पाऊस ९०० मिलिमीटर धरला आणि त्यातलं ८० टक्के हाती आलं, तर हजार चौरस मीटर छतावरून सव्वासात लाख लिटरच्या आसपास पाणी मिळतं. आवारात जुनी विहीर असेल तर ती आधी उपसून साफ करा. इंदूरच्या कित्येक जुन्या आवारांत झाकलेली विहीर सापडते.

कचऱ्याबद्दल थोडक्यात

इथे शहरानं आधीच वाट घालून दिली आहे. ओला कचरा देवगुराडियाच्या गोबर-धन संयंत्रात जातो, २०२२ मध्ये सुरू झालेलं हे संयंत्र रोज ५५० टन कचऱ्यापासून बायो-सीएनजी करण्याच्या क्षमतेचं आहे. कॉलेजनं दोनच कामं करावीत. मेसमध्ये ताटात टाकलेलं अन्न रोज वजन करून फळ्यावर लिहावं, न बोलता ते कमी होऊ लागतं. आणि पानगळीतला पाला जाळणं पूर्ण बंद करून त्याचं खत इंदूर पद्धतीनं आवारातच करावं. ज्या शहराच्या नावावर ही पद्धत आहे, तिथे पाला जळताना पाहून मला खरंच वाईट वाटतं.

सहावी पायरी : येणं-जाणं

वरच्या उदाहरणातले ९२ टन आठवा. मुलांना दुचाकी सोडा म्हणून भाषण देण्यात अर्थ नाही. आधी एका दिवसाचं सर्वेक्षण करा : कोण कुठून येतं, कशानं येतं, किती वाजता. पत्ते नकाशावर ठिपक्यांनी मांडलेत की सुदामानगर, विजयनगर, राऊ, महू अशा बाजूंचे झुबके दिसतील. तो नकाशा घेऊन शहर बससेवेकडे जा आणि अमुक मार्गावर सकाळी अमुक वेळेला एवढी मुलं आहेत, असं लेखी द्या. वर्गांच्या वेळा अर्ध्या तासानं सरकवून गर्दी टळत असेल तर सरकवा. सायकलींना सावली असलेली आणि पहारा असलेली जागा फाटकाजवळ द्या, मोटारींना मागे. संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्या मुलींसाठी थांब्यापर्यंतचा रस्ता उजेडाचा आहे का ते पाहा. तो अंधारा असेल तर घरचे स्कूटी घेऊन देणारच, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

सातवी पायरी : वर्गात आणणं

वीज वाचवणं हॉटेलही करू शकतं. कॉलेजकडे जी गोष्ट आहे ती दुसऱ्या कुणाकडे नाही : दर वर्षी नवी मुलं येतात आणि तीन वर्षांनी शहरभर पसरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालानंतर पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा झाला, पण बहुतेक ठिकाणी तो गाइड वाचून एका रात्रीत संपतो. मध्य प्रदेशात २०२१ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम लागू झाला आणि त्यात प्रकल्पाला जागा मिळाली. ती जागा वापरा.

वाणिज्यच्या मुलांनी पंखे आणि सौर संचाची परतफेड काढावी. गणित-संख्याशास्त्रानं रात्रीच्या रीडिंगचा आलेख ठेवावा. भूगोलानं एप्रिलच्या दुपारी राजवाडा, एखादी नवी वसाहत आणि सिरपूर तलावाचा काठ इथलं तापमान एकाच वेळी मोजावं. सिरपूर आणि यशवंतसागर ही दोन्ही २०२२ पासून रामसर स्थळं आहेत, म्हणजे मुलांना अभ्यासाला जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा बसच्या तिकिटात मिळते. मराठी आणि हिंदी विभागांनी आजी-आजोबांना विचारावं : नर्मदा यायच्या आधी वाड्यात पाणी कुठून यायचं, विहिरीला कोणत्या महिन्यात तळ दिसायचा, कान्ह नदीत पोहायला कोण जायचं? आमच्याकडे एका मुलीनं आपल्या आजीचं बोलणं असं लिहून आणलं. त्यात पाणी जपून वापरायच्या सवयी इतक्या बारकाईनं होत्या की अभियंत्यांनी वाचाव्यात.

प्रत्येक विद्यार्थ्यानं स्वतःच्या घराचं बिल आणून तोच हिशोब करायचा. कॉलेजचं काम अशा रीतीनं शेकडो घरांत पोचतं. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला, तेव्हा त्यात विद्यापीठाची योजनाही होती. शहराची योजना आणि विद्यापीठाची योजना त्यांनी एकाच अहवालात मांडली, हे मला फार मोलाचं वाटतं.

वेळापत्रक आणि जाहीर हिशोब

जुलैत समिती आणि बिलं. ऑगस्टमध्ये पाऊस असतानाच पन्हाळी, गळती आणि छताची पाहणी. दिवाळीच्या सुट्टीत वायरिंग आणि फ्लोटची दुरुस्ती. डिसेंबरमध्ये सावल्या. जानेवारीत पंखे आणि सौर संचाचा प्रस्ताव, म्हणजे मार्चच्या अंदाजपत्रकात तो बसतो. जूनमध्ये वर्षाचा हिशोब.

हिशोब चुकांसकट लावा. एखाद्या वर्षी आकडा वाढला तर का वाढला तेही लिहा : नवं वसतिगृह झालं, उन्हाळा कडक होता, संच दोन महिने बंद होता. ‘कार्बनमुक्त आवार’ असा फलक लावायची घाई करू नका. बाहेरून विकत घेतलेल्या प्रमाणपत्रांवर तो दावा उभा असेल तर पहिला प्रश्न तुमचाच विद्यार्थी विचारेल, आणि त्यानं विचारायलाच हवा. त्यापेक्षा पाच वर्षांत युनिट किती कमी करणार एवढंच लिहा आणि शेजारच्या दोन कॉलेजांना आपली वही दाखवायला बोलवा.

ही वही लेखापालांच्या खोलीत न ठेवता ग्रंथालयाच्या दाराशी दोरीनं बांधून ठेवा. पहिल्या पानावर रात्री दहाचं रीडिंग, पहाटे सहाचं रीडिंग, मीटरचा गुणक, तारीख, आणि ज्यानं वाचलं त्याचं नाव.